वरच्या रानात स्कीम झाली आणि पाणी आमच्या दारात, काय करावं?

उतारावरचा
मंडळी जरा सल्ला पाहिजे. आमचं घर पाचगावच्या बाजूला, उतारावर. वरच्या अंगाला तीस गुंठ्यांचं उसाचं रान होतं, पाऊस कितीबी लागू दे, बांधावरनं गढूळ पाणी थोडंफार यायचं आणि बोळातनं निघून जायचं. आता तिथं चार बिल्डिंगा झाल्यात, मधली सगळी जागा पेव्हर आणि कोबा, मातीचं ढेकूळ शोधून सापडणार नाही. मागच्या आठवड्यात वळवाचा एक तास पाऊस झाला तर त्यांनी कंपाऊंडमधनं जो बारा इंची पाईप काढलाय तो थेट आमच्या बोळाच्या तोंडाला सुटला, पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी, आईची पिठाची गिरणी भिजली, मोटर गेली. बिल्डरला विचारलं तर म्हणतोय "पाणी खालीच जाणार ओ, वर चढतंय होय?" भाऊ म्हणालाय आपण भिंत दोन फूट वाढवू, विषय संपला. खरंच संपतो का? जून तोंडावर आलाय.

बापटकॅम्प
भावा, तुमच्याकडं वरनं येतंय, आमच्याकडं खालनं वर चढतंय 😄 बिल्डरला सांगा एकदा आमच्याकडं येऊन बघ, पाणी वर चढतंय का नाही ते. 2019 ला कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटाच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 43, आम्ही माळ्यावर चूल मांडली होती. पण नदीचं पाणी निदान दोन दिवस आधी सांगून येतंय, तुमचं हे तासात येतंय.

मुरूम_मास्तर
साईटवर बावीस वर्षं काढलीत म्हणून सांगतो. आधी हिशोब बघा. एक गुंठा म्हणजे साधारण 101 चौरस मीटर, त्यावर 50 मिलिमीटर पाऊस पडला की 5 हजार लिटर. तीस गुंठ्याला दीड लाख लिटर, म्हणजे 10 हजारवाले पंधरा टँकर एका तासात तुमच्या बोळात ओतले असं समजा. ऊस होता तेव्हाही पाऊस तेवढाच होता, पण निम्म्याच्या वर सरीत मुरायचं आणि उरलेलं रमतगमत यायचं. आता स्लॅब आणि पेव्हरवरनं नव्वद टक्के येतंय आणि दहा मिनिटात येतंय. पाणी वाढलंय त्यापेक्षा ते घाईत यालंय हे जास्त वाईट.

बिल्डर आता म्हणेल आम्ही शोषखड्डा केलाय, हार्वेस्टिंग (पावसाचं पाणी साठवायची नाहीतर मुरवायची सोय) केलंय. यूडीसीपीआर (2020 पासूनची राज्याची बांधकाम नियमावली) प्रमाणे 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला हार्वेस्टिंग लागतंच, म्हणजे पाच गुंठ्यांना. हे तर तीस गुंठे. पण खड्डा मुरमात असेल तर पाणी पितो, काळ्या मातीत असेल तर जुलैत चार दिवस झड लागली की खड्डाच भरून डबकं होतं. आणि हार्वेस्टिंगची टाकी लोक जूनच्या पहिल्याच पावसात भरून ठेवतात, मग पुढच्या पावसाला त्यात जागाच नाही. पाणी साठवायची टाकी वेगळी आणि पाणी थोपवायची टाकी वेगळी, दुसरी कायम रिकामी पाहिजे.

त्यांच्या प्लॉटच्या खालच्या कोपऱ्यात 10 बाय 5 मीटर, 2 मीटर खोल टाकी, तळाला तीन इंची पाईप. 1 लाख लिटर बसतंय, पाऊस थांबल्यावर तीन-साडेतीन तासात आपोआप रिकामी. तुमच्याकडं उतार आहे म्हणून पंपाशिवाय जमतंय. पार्किंगच्या खाली बसते, वरनं गाड्या लागतात, फक्त स्लॅब त्या हिशोबानं टाकायचा आणि आत गाळ काढायला माणूस उतरेल एवढं झाकण ठेवायचं. बारा इंची पाईपच्या जागी तीन इंची, एवढाच काय तो फरक, पण बिल्डर एवढं करायला तयार नसतोय कारण विकताना टाकी कुणाला दिसत नाही.

भिंतीचं मात्र डोक्यातनं काढा. पाणी अडलं की ते शेजारच्या काकूंच्या दारात, नाहीतर भिंतीमागं साचून भिंतच आडवी. दोन फूट वाढवलेल्या जुन्या नऊ इंची भिंतीचा तर भरवसाच धरू नका.

करवीरची_लेक
दादा, "पाणी खालीच जाणार" हे कायद्यानं अर्धंच खरं आहे. वरच्या रानाचं नैसर्गिक वाहणारं पाणी खालच्यानं घ्यायचंच असतं, ते 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात आहे. पण तिथं शब्द नैसर्गिक आहे, गोळा करून पाईपनं सोडलेलं नाही. आमच्या वडिलांच्या रानात उलटं झालं होतं, खालच्यानं भराव टाकून ओघळ बुजवली आणि आमचं सोयाबीन कुजलं. मामलेदार कोर्ट कायदा 1906, कलम 5, तहसीलदारांकडं दावा टाकला. अडथळा काढायचा आदेश मिळाला पण तो कायदा शेत, चराई, झाडापिकाच्या जमिनीला आहे आणि सहा महिन्यात जावं लागतं, तुमच्या घराला तो बसायचा नाही बहुतेक. तुम्ही बांधकाम परवानगी दिलेल्या ऑफिसात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि बिल्डरला भोगवटा (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) मिळायच्या आधी द्या. एकदा भोगवटा हातात पडला की बिल्डर तुमचा फोन उचलणार नाही आणि नंतर सोसायटी म्हणणार आम्ही तर आत्ता आलो.

आणि भूमी अभिलेखमधनं जुना नकाशा काढून बघा, रानातनं ओढा नाहीतर ओघळ दाखवलीय का. असली तर तुमचं काम निम्मं झालं.

उतारावरचा
ताई, पोच घेतली आज. भोगवटा अजून दोन बिल्डिंगांचा व्हायचाय असं कळलं. नकाशात बारीक रेघ आहे, बोळाच्या बरोबर वरनं जातीय, बाबा म्हणतात तिथं लहानपणी खेकडी धरायचो. म्हणजे रेघेवरच त्यांचं क्लबहाऊस आलंय 🙂
मास्तर, एक विचारतो, त्यांनी पाईप आमच्या गटारीच्या चेंबरला जोडून दिला तर चालेल का? असं म्हणालाय तो.

मुरूम_मास्तर
अजिबात नको. मैल्याची लाईन आहे ती, पावसाचं पाणी तिच्यात घुसलं की चेंबरची झाकणं उडतात आणि मग तुमच्या पार्किंगात नुसतं पाणी येणार नाही, काय येईल ते सांगायला नको. तेच पुढं नाल्यातनं पंचगंगेत. पुढच्या पावसात छत्री घेऊन उभं राहा, पाईपला टेप लावून, घड्याळ दिसेल असा व्हिडिओ काढा, बारा इंच किती मिनिटात पूर्ण भरतंय ते. तो व्हिडिओ अर्जाला जोडा, बिल्डरचा इंजिनियर पण मग गप्प बसतोय.

बापटकॅम्प
आणि गिरणीची मोटर उन्हात वाळवून लगेच चालू करू नका, वाइंडिंगवाल्याकडं न्या आधी. आमच्या तीन गेल्या अशा.