मदत हवी आहे: जुन्या मोटारीच्या गुरुत्वमध्याची उंची दर वेळी वेगळी येते

तरफ:
डेट्रॉइटजवळच्या एका संग्राहकांनी आपली मोटार मला मोजण्यासाठी दिली आहे. सपाट जमिनीवर चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून किती मागे आहे ते मिळाले. मात्र उंचीसाठी पुढची बाजू उचलली की मागच्या काट्यांवर वाढणारा भार दर वेळी निराळा दिसतो. गाडी शनिवारी परत करायची आहे, तेव्हा कृपया लवकर उपाय सांगावा.

जुने_लोखंड:
मोटार कोणती, कोणत्या सालची, आणि पाटे (आसावर सांगाडा तोलून धरणाऱ्या, पोलादी पानांच्या स्प्रिंगा) मोकळे होते की बांधलेले?

तरफ:
फोर्ड मॉडेल टी, 1923 ची टूरिंग. वजन 700 किलो, त्यातले 385 मागच्या आसावर. दोन आसांमधील अंतर 2.54 मीटर. पुढची चाके अर्धा मीटर उचलतो. पाटे कशासाठी बांधायचे?

घाटवाट:
या गाडीची टाकी पुढच्या आसनाखाली असे आणि पेट्रोल केवळ उतारानेच कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचे, म्हणून टाकीत पेट्रोल कमी असताना तीव्र चढ उलट्या गिअरमध्ये चढावा लागे.

जुने_लोखंड:
चढाचे कोणी विचारलेले नाही, पण टाकीचा मुद्दा इथेही लागू आहे: अर्धवट भरलेल्या टाकीतले पेट्रोल गाडी कलताच मागे सरकते, म्हणून ती पूर्ण रिकामी तरी करा किंवा काठोकाठ भरा. मुख्य दोष पाट्यांचा वाटतो. या गाडीला पुढे एक आणि मागे एक असे दोनच आडवे पाटे आहेत; पुढची बाजू उचलली की मागचा दबतो, पुढचा सैल होतो, आणि पानांमधल्या घर्षणामुळे सांगाडा दर वेळी निराळ्या जागी थांबतो. आस आणि चासी यांच्यामध्ये लाकडी ठोकळे घालून दोन्ही टोके पट्ट्यांनी आवळा. हाताचा दांडा मधल्या स्थितीत ठेवा, कारण तो पूर्ण मागे ओढला तर मागचे ब्रेक लागतात आणि पूर्ण पुढे ढकलला तर वरचा गिअर पडतो. मागची चाके मोकळी फिरली नाहीत तर आडवा रेटा निर्माण होऊन काट्यांची नोंद बिघडते.

लोलक:
एवढा खटाटोप कशाला? लंडनच्या दुमजली बसची कसोटी घेत, तशी गाडी कलत्या फळीवर चढवून वरची चाके कोणत्या कोनाला सुटतात ते पाहावे. त्या बस वरच्या मजल्यावर वाळूच्या पिशव्या ठेवून 28 अंशांपर्यंत कलवत.

जुने_लोखंड:
त्या कसोटीत पाटे आणि टायर दबल्याचा परिणामही मिसळलेला असतो, त्यामुळे तिच्यातून गुरुत्वमध्याची उंची थेट निघत नाही.

लोलक:
रस्त्यावर गाडी पाटे बांधून धावत नाही. ती उलटेल का, हे जाणायचे असेल तर माझीच पद्धत अधिक प्रामाणिक आहे.

तरफ:
मला उंचीच हवी आहे, कारण या गाड्या उंच दिसतात म्हणून सहज उलटत असत हे विधान मला आकड्यांनी तपासायचे आहे. आज ठोकळे घालून मोजले, तर मागचा भार दर वेळी 19 किलोच वाढला. आता सूत्र कोणते वापरू?

जुने_लोखंड:
(वाढलेला भार गुणिले आसांमधील अंतर) भागिले (एकूण वजन गुणिले कलाच्या कोनाची स्पर्शज्या, म्हणजे tan). कोन 11.4 अंशांच्या आसपास, म्हणून गुरुत्वमध्य आसांच्या रेषेपेक्षा सुमारे 34 सेंटिमीटर वर येतो. त्यात भाराखाली दबलेल्या चाकाची जमिनीपासून आसापर्यंतची उंची मिळवा. 30 इंची चाकाला ती 37 सेंटिमीटरच्या आसपास असावी, पण ती स्वतः मोजा. एकूण सुमारे 71 सेंटिमीटर होतात. चाकांच्या रुळाची रुंदी, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर, 56 इंच; तिची निम्मी बाजूही तेवढीच भरते; पाटे बांधलेली आणि रिकामी गाडी 45 अंशांपर्यंत कलली तरी उलटू नये.

लोलक:
पण त्यात चार प्रवासी उंच आसनांवर बसले की गुरुत्वमध्य वर सरकेल, तो भार कुठे धरला आहे?

तरफ:
धरलेला नाही. उद्या आसनांवर वाळूच्या पिशव्या बांधून पुन्हा मोजतो.