आठवं सेमिस्टर, इंटर्नशिप आणि नोकरी: धुळे-जळगाव-नंदुरबारकडच्यांनी सुरुवात कुठून करावी?

पांझराकाठ
राम राम मंडळी. बी.एस्सी. नर्सिंग, आठवं सेमिस्टर. इंटर्नशिप सुरू होतेय, पोस्टिंग अर्धं सिव्हिलला आणि अर्धं एका खाजगी हॉस्पिटलात. वर्गातले निम्मे म्हणतात ‘निकाल लागू दे, मग बघू’, बाकीच्यांनी कोचिंग लावलंय. मला एवढंच विचारायचंय: या पोस्टिंगमध्ये नेमकं काय पदरात पाडून घ्यायचं, निकालाआधी कोणती कागदपत्रं हाताशी हवीत, आणि पहिली नोकरी इथेच धरायची की सुरत-नाशिक गाठायचं? जीएनएमवाली (नर्सिंगचा डिप्लोमा) चुलत बहीणही यंदाच पास होतेय, तिच्यासाठी वेगळं काही असेल तर तेही सांगा.

लेबररूम_लॉगबुक
आधी आठवडे मोजून घे. एकूण २२ आठवडे: अ‍ॅडल्ट हेल्थ ६, आणि कम्युनिटी, चाइल्ड, मेंटल, मिडवायफरी प्रत्येकी ४. आठवड्याला ४८ तास, नाइटसकट. थिअरीला ८० टक्के हजेरी चालते, पण डिग्री हातात पडायला प्रॅक्टिकलची १०० टक्के लागते. लग्नसराईत मारलेल्या दांड्या शेवटी भरून द्याव्या लागतात, आणि त्या भरेपर्यंत बाकीच्यांचे अर्ज गेलेले असतात.

खरा घोळ होतो लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीत. मिडवायफरीची केस त्याच ड्युटीत लिही: आयपीडी नंबर, प्रसूतीची वेळ, बाळाचं वजन, १ आणि ५ मिनिटांचा अपगार (बाळाच्या तब्येतीचा स्कोअर), ऑक्सिटोसिन १० युनिट आयएम बाळ झाल्यावर मिनिटाभरात दिलं का, वार पूर्ण आली का. ओव्हर (पुढच्या ड्युटीला पेशंटची माहिती सोपवणं) द्यायच्या आधी इन्चार्ज सिस्टरची सही. महिन्याने सही मागायला गेलं की इन्चार्जची बदली झालेली असते आणि रजिस्टर रेकॉर्ड रूमला गेलेलं असतं. मग सही कोण करणार? क्लिनिकल इन्स्ट्रक्टर तर करतच नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

दुसरं म्हणजे ओव्हर स्वतः द्यायला माग. विद्यार्थी सहसा मागे उभे राहून ऐकतात. बेडपाशी उभं राहून नाव, निदान, कितवा दिवस, कोणती लाइन कुठे आणि कधी लावली, ड्रेन-कॅथेटरचं आउटपुट, कोणता रिपोर्ट यायचाय, कोणता डोस राहिलाय, हे न अडखळता सांगता येणं हीच मुलाखतीची निम्मी तयारी.

सिव्हिलची कॅज्युअल्टी चुकवू नकोस. आपल्याकडच्या केसेस पुण्या-मुंबईच्या मुलांना पुस्तकात वाचायला मिळतात. कपाशीवर फवारणी करताना झालेली विषबाधा: अ‍ॅट्रोपिन (त्यावरचा उतारा) पुरेसं झालं का हे बुबुळं बघून ठरवायचं नसतं, छातीतला घरघराट थांबला का, स्राव सुकला का ते बघायचं. सर्पदंश: २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्येच. प्लास्टिकची घेतली किंवा मध्येच हलवून बघितली की निकाल चुकतो आणि एएसव्हीचा (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) निर्णयही चुकतो. एप्रिल-मे असेल तर उष्माघात: ताप ४० सेल्सिअसच्या वर आणि पेशंट बरळतोय, तर पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. कपडे काढून अंगावर पाणी, पंखा, बर्फ. शरीर बाहेरूनच थंड करावं लागतं आणि तेही पहिल्या अर्ध्या तासात.

सिरिंज_पंप
मुलाखतीचं मी सांगतो. ५० बेडच्या वरच्या बहुतेक खाजगी हॉस्पिटलांत आधी छोटा लेखी पेपर असतो, मग मेट्रन मॅडम वॉर्डात नेऊन विचारतात. प्रश्न ठरलेले.

ड्रिपचा हिशेब: ५०० मिली ४ तासांत, सेट मिलीला २० थेंबांचा. ५०० गुणिले २० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. हा सगळ्यांना येतो. मुलं अडकतात ती रक्तदाब वाढवणाऱ्या औषधावर, नॉरअ‍ॅडवर. ४ मिग्रॅ ५० मिलीत म्हणजे मिलीला ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या पेशंटला ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट हवं, तर मिनिटाला ६, तासाला ३६०, भागिले ८०, पंप तासाला ४.५ मिलीवर. हे कागदाशिवाय जमलं की पुढचे चार प्रश्न कमी होतात. अँप्यूलवर २ मिग्रॅ की ४ मिग्रॅ ते मात्र वाचूनच भरायचं.

इन्सुलिन: मिलीला ४० युनिटची व्हायल असेल तर लाल टोपीची सिरिंज, १०० ची असेल तर नारिंगी. ४० ची व्हायल १०० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढली तर पेशंटला २० नाही, ८ युनिटच जातात. उलट केलं तर अडीचपट जातात, ते जास्त घातक. पोटॅशियम क्लोराइड थेट पुश कधीच नाही. सीपीआर ३०:२, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंमी, अ‍ॅड्रेनालिन १ मिग्रॅ दर ३ ते ५ मिनिटांनी. जिथे एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता) आहे किंवा व्हायचंय तिथे कचऱ्याच्या पिशव्या हमखास: सुई पांढऱ्या डब्यात, सुई काढलेली सिरिंज आणि सलाइनचा सेट लाल, रक्ताचा कापूस पिवळा, काचेची व्हायल निळा.

खाजगीतलं पोस्टिंग आयसीयूत मिळत असेल तर तेच माग. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की नुसता बंद करणारे पुष्कळ. प्रेशर हाय आहे की लो, ट्यूब चावलीय, स्राव साचलाय की सर्किट निसटलंय, हे आधी पेशंटकडे आणि मग मशीनकडे बघून सांगणारा एखादाच.

फाइल_पूर्ण_आहे_का
कागदपत्रांवर कुणीच बोललं नाही, आणि संधी हुकते ती तिथेच. निकाल लागून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात येईपर्यंत जो काळ जातो, त्यात आलेल्या सरकारी जाहिराती वाया जातात. जाहिरातीतल्या कट-ऑफ तारखेला नोंदणी लागते, ‘अर्ज केलाय’ची पावती चालत नाही. म्हणून निकालाच्या आठवड्यातच ऑनलाइन अर्ज टाकायचा.

आत्ताच तपास: दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, आधार आणि विद्यापीठाची मार्कशीट, तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर एकच आहे का. आपल्याकडे ‘भाऊ’, ‘बाई’, ‘सिंग’ एका कागदावर असतं आणि दुसऱ्यावरून गायब. विद्यापीठाकडची दुरुस्ती सगळ्यात वेळखाऊ, ती आधी. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी राजपत्र करून घ्या. जात वैधता, अधिवास आणि लागू असेल त्यांनी नॉन-क्रिमिलेअर. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे एप्रिलमध्ये सेतूवर जी झुंबड उडते ती टाळायची असेल तर तारीख आजच बघून ठेव. ट्रान्सक्रिप्ट कॉलेजातून बाहेर पडायच्या आधीच माग.

पांझराकाठ
नावाचं बघतो, आधारवर ‘भाई’ जास्तीचं आहे. एक अजून: जवळच्याच एका हॉस्पिटलने आम्हा चौघांना आत्ताच विचारलंय. नोंदणी येईपर्यंत ‘ट्रेनी’, मग स्टाफ. पण २ वर्षांचा बाँड आणि मूळ प्रमाणपत्रं जमा करायची म्हणतात.

फाइल_पूर्ण_आहे_का
मूळ कागद द्यायचे नाहीत. दाखवायचे, साक्षांकित प्रती द्यायच्या आणि मूळ घरी. सरकारी पडताळणीचा दिवस ठरला की तो कागद त्यांच्या कपाटात असतो आणि चावीवाले सुटीवर. बाँडमध्ये सोडताना किती रक्कम आणि किती दिवसांची नोटीस, हे दोन आकडे लेखी नसतील तर सही नको.

तापी_लाइन
पगाराचं बोलूया. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने शिफारस केली: २०० बेडच्या वर राज्य सरकारइतका पगार, १०० ते २०० ला जास्तीत जास्त १० टक्के कमी, ५० ते १०० ला २५ टक्के कमी, आणि ५० च्या आत निदान २०,०००. शिफारसच ती, आपल्याकडे किती पाळतात ते विचारू नका, पण बोलणी करताना आकडा माहीत असलेला बरा. पगार बँकेतच घ्या आणि स्लिप मागा.

चुलत बहिणीसाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं. एम्सच्या नॉरसेटला (नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा) बी.एस्सी.वाल्यांना अनुभव लागत नाही, जीएनएमला नोंदणीनंतरचा २ वर्षांचा लागतो आणि तोही किमान ५० बेडच्या हॉस्पिटलचा. घराजवळच्या २०-२५ बेडच्या नर्सिंग होममध्ये ती पाच वर्षं राबली तरी तो अनुभव धरणार नाहीत. अनुभव पत्रावर बेडसंख्या, रुजू तारीख आणि पद छापून घ्यायला सांग.

तू मात्र नॉरसेटला लगेच बसू शकतोस. वय १८ ते ३०, मागासवर्गीयांना सवलत. प्रिलिम्स १०० प्रश्न ९० मिनिटं, चुकीला एक तृतीयांश गुण वजा. मेन्स १६० प्रश्न ३ तास. ८० टक्के जागा महिलांना, म्हणजे मुलांचा कट-ऑफ वर जातो, ते धरूनच अभ्यास कर. मूळ वेतन ४४,९००, रेल्वेलाही तेवढंच. राज्यातल्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदाला ३५,४०० पासून, पण त्या पेपरात मराठी, इंग्रजी आणि सामान्य ज्ञानही असतं. मुलं नर्सिंग घोटतात आणि मराठी व्याकरणात गुण घालवतात!

सातपुडा
सीएचओचं (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) राहिलं. उपकेंद्रावर कंत्राटी नेमणूक, २५,००० आणि कामावर आधारित मोबदला १५,००० पर्यंत. हा दुसरा आकडा धरून घरचे हप्ते ठरवू नका. ऑनलाइन नोंदी वेळेत गेल्या नाहीत की तो कापला जातो, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंजचा भरवसा नाही. कम्युनिटी हेल्थचा कोर्स तुमच्या अभ्यासक्रमातच असल्याचं कॉलेजचं पत्र काढून ठेवा, जाहिरात आल्यावर ती अट आधी वाचा. त्या भागात जायचं असेल तर कम्युनिटीच्या ४ आठवड्यांत सिकलसेल नीट शिका: सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे रक्तात फक्त सिकलचं हिमोग्लोबिन (एस) आहे एवढंच कळतं, वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्तचाचण्यांनीच ठरतं. घाईघाईत ‘रुग्ण’ लिहिलं की त्या पोरीचं लग्न अडतं.

सिरिंज_पंप
नोकरी सोडून वर्षभर फक्त कोचिंग, हे मला पटत नाही. मेन्सला केस देऊन प्रश्न येतात; वॉर्डात हात चालत असले की ते सोपे जातात. ज्या हॉस्पिटलात ड्युटी ८ तासांचीच राहते तिथे लागा आणि बाकीच्या वेळात अभ्यास करा. १२ तासांची ड्युटी असेल तर अभ्यास विसरा.

तापी_लाइन
आणि सुरत. नंदुरबारहून गाडीने सरळ, मोठी हॉस्पिटलं, आपली माणसंही भरपूर, म्हणून बरेच जण तिकडेच लागतात. पण महाराष्ट्राच्या नोंदणीवर गुजरातेत कायमचं काम करायचं नसतं. आपल्या कौन्सिलकडून एनओसी घेऊन गुजरात नर्सिंग कौन्सिलची नोंदणी करावी लागते. हॉस्पिटल ‘नंतर बघू’ म्हणेल, तू रुजू व्हायच्या आधीच अर्ज टाक. परत यायचं झालं तर इकडची नोंदणी आणि तिचं नूतनीकरण चालू ठेव, दर ५ वर्षांनी लागतं, त्यासाठीचे सीएनई (नोकरीत असताना चालू ठेवायचं नर्सिंग शिक्षण) तासही तिकडून भरत राहा.