मदत हवी आहे: ४.६ चे बोल्ट काढून ८.८ चे टाकले तर जोड पक्का होईल का?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ मामांच्या गुऱ्हाळाची शेड उभी राहतेय. मी सिव्हिलचा, पण नोकरी सगळी आरसीसीत गेली. स्टीलचं पुस्तक परवा माळ्यावरून काढलं. मामांना एवढंच ठाऊक की भाचा इंजिनिअर आहे.

ट्रसच्या (छताच्या सांगाड्याच्या) खालच्या कॉर्डला (दांड्याला) ७५×७५×६ चा एकच अँगल, ८ मिमीच्या गसेटला (जोडपट्टीला) एम२० चे दोन बोल्ट, ग्रेड (बोल्टच्या ताकदीचा दर्जा) ४.६, भोकं २२ ची, पिच (दोन भोकांतलं अंतर) ६०. फॅक्टर्ड (सुरक्षेसाठी वाढवून धरलेला) ताण ८० किलोन्यूटन. ड्रॉइंगमध्ये शेवटच्या भोकाच्या मध्यापासून अँगलच्या टोकापर्यंत ४० मिमी आहे. अँगल आखूड कापले गेले, टेप लावला तर २५! सहाही ट्रसना तेच.

फॅब्रिकेटर म्हणतो, "साहेब, ८.८ चे टाकतो, डबल ताकद." स्टील बांधकामाचा भारतीय कोड आयएस ८०० (२००७) प्रमाणे, आटे कातरपातळीत (बोल्ट जिथे कापला जाईल तिथे) धरून, ४.६ चा एक बोल्ट ४५.३ किलोन्यूटन घेतो, दोन मिळून ९०.५. म्हणजे ८.८ न टाकताही पास! तरी मनाला पटत नाही. काय सुटतंय? पत्रे पुढच्या आठवड्यात चढणार आहेत.

आटे_गेलेला_नट:
तुम्ही बोल्ट कापून पाहिलात, अँगल फाडून नाही पाहिलात. बेअरिंग (बोल्टच्या दाबाखाली भोकाची कड किती सोसते ते) काढा: २.५ × केबी × बोल्टचा व्यास २० × अँगलची जाडी ६ × त्याच्या स्टीलची ताकद ४१०, भागिले सुरक्षेचा १.२५. केबी हा गुणक, इथे टोकाचं अंतर २५ भागिले भोकाची तिप्पट ६६, ०.३८. एका बोल्टला ३७.३, दोनांचे ७४.६. नापास. ८.८ टाकलेत तरी हा आकडा हलत नाही, कारण फाटणार ते सहा मिमीचं लोखंड. शिवाय भोकाच्या दीडपट, ३३ मिमी, हे किमान अंतर. हाताने गॅसने कापलं असेल तर १.७ पट, ३७.४. तिथेही नापास.

टोकाचा बोल्ट हिशोबात धरूच नका. आतल्या बाजूला ६० वर नवीन भोक ड्रिल करा (गॅसने नाही!), आतले दोन ९०.५ देतील.

धागाकर्ता:
धन्यवाद! पण आतल्या भोकापुढे गसेट फक्त ४५ मिमी उरलाय. नवीन भोक बसत नाही.

आटे_गेलेला_नट:
मग गसेट बदला. चांगला उपाय तोच, आणि कोणालाच तो आवडत नाही.

वेल्डिंगवाला_काका:
किंवा वेल्ड. रेड ऑक्साइडचा रंग खरवडून ४ मिमीची फिलेट (कडेच्या कोनात भरलेला वेल्ड), साइट वेल्ड (जागेवरच केलेला) धरून मिमीला ०.४४ किलोन्यूटन, ८० साठी सुमारे १८१ मिमी लांबी हवी. १३० मिमी ओव्हरलॅपच्या दोन्ही कडा आणि टोक मिळून ती सहज बसते. कोपऱ्याकडच्या कडेला जास्त द्या, अँगलचं बल तिकडे झुकतं. बोल्टची ताकद यात मिळवायची नाही. साधा बोल्ट भोकात सरकून मग भार घेतो, तोवर वेल्डवर सगळं आलेलं असतं. आणि आधी डिझायनरची सही घ्या.

धागाकर्ता:
डिझायनरशी बोललो. वेल्डला हो म्हणाले, सहीचा स्केच उद्या पाठवतायत. पत्र्यांची गाडी थांबवलीय. मामा विचारतायत, एवढ्या पंधरा मिमीसाठी?