रडू आले म्हणून चित्रपट मोठा ठरतो का?

गंगापूर रोडचा वाचक
परवा आपल्या गटातल्या एका सभासदाने बाप आणि मुलगा यांच्यावरील दहा चित्रपटांची यादी दिली आणि तिच्याखाली लिहिले की, हे पाहूनही ज्याचे डोळे कोरडे राहतील त्याने आपण मुलगा म्हणून नापास झालो असे समजावे. यादीबद्दल माझी तक्रार नाही. त्या शेवटच्या वाक्याने मात्र मला दोन दिवस अस्वस्थ केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

यादीतील पहिले दोन चित्रपट घ्या. २००६ च्या 'द परस्यूट ऑफ हॅपीनेस'मध्ये घर गमावलेला बाप मुलाला घेऊन रात्री रेल्वे स्थानकाच्या स्वच्छतागृहात आसरा घेतो. आपण आदिमानवाच्या गुहेत लपलो आहोत, असा खेळ त्याने मुलाला सांगितलेला असतो. मूल मांडीवर झोपी जाते, बाहेरून कोणी दार ठोठावते आणि बाप निःशब्द रडतो. १९९७ च्या 'लाइफ इज ब्यूटिफुल'मध्ये नाझींच्या छळछावणीतला बाप मुलाला पटवून देतो की ही एक स्पर्धा आहे आणि हजार गुण मिळवणाऱ्याला खराखुरा रणगाडा मिळणार आहे. दोन्हीकडे बापाची दैना आपल्याला दिसते, मुलाला दिसत नाही. मुलाच्या नजरेतला बाप शेवटपर्यंत अभंग राहतो आणि आपण त्या अभंगपणासाठी रडतो. हे रडू मी खोटे म्हणत नाही, पण ते सोपे आहे असे माझे मत आहे.

आता इटालियन दिग्दर्शक डी सिकाचा १९४८ चा 'बायसिकल थीव्ज' आठवा, जो त्या यादीत नाही. दिवसभर चोरीला गेलेली सायकल शोधून हरलेला बाप शेवटी स्वतःच दुसऱ्याची सायकल चोरतो, लोक त्याला पकडतात, थपडा मारतात, आणि हे सगळे त्याचा लहान मुलगा उभा राहून पाहतो. सायकलचा मालक मुलाकडे पाहूनच त्याला सोडून देतो. त्यानंतर दोघे गर्दीतून चालत असताना मुलगा बापाचा हात धरतो. बापाची लाज मुलाने पाहिली आहे आणि मुलाने ती पाहिल्याचे बापाला ठाऊक आहे. बाप-मुलाच्या नात्यातली खरी अवघड जागा ही आहे. त्या जागेवर उभा राहणारा चित्रपट मला मोठा वाटतो, मग माझ्या डोळ्यांत पाणी येवो अथवा न येवो. आपल्याकडे २०१३ च्या 'फँड्री'ने हे धाडस केले. तिथे डुकरे पकडणाऱ्या बापाबरोबर आपण शाळेतल्या मुलांना दिसू नये म्हणून मुलगा जब्या लपत राहतो, आणि त्या लपण्यात त्याचे बापावरचे प्रेम व बापाबद्दल वाटणारी लाज एकमेकांत अशी गुंतलेली आहेत की ती वेगळी काढता येत नाहीत.

निफाडचा बागायतदार
यादी देणारा मीच आहे, त्यामुळे उत्तर देणे मला भाग आहे. ज्याला आपण सोपे रडू म्हणता, त्याच्यामुळे मी तीन वर्षांनी माझ्या वडिलांना फोन केला. वाटणीवरून आमचे बोलणे बंद होते. स्वच्छतागृहाचा तो प्रसंग पाहिला, चित्रपट तिथेच थांबवला आणि रात्री साडेअकराला त्यांचा नंबर लावला. सायकलचा चित्रपट मीही पाहिला आहे. तो थोर असेल, पण तो पाहून मी कोणालाही फोन केला नाही.

शिवाय मुलाला काही कळू न देणे हे आपल्याला सोपे वाटते, याचे मला आश्चर्य वाटते. गारपिटीत द्राक्षबाग झोपल्यावर सोसायटीचे कर्ज, औषधवाल्याची उधारी आणि घरखर्च यांचा मेळ घालत, शाळेतून येणाऱ्या पोरासमोर चेहरा कोरा ठेवणे काय असते, हे शहरातल्या गंगापूर रोडवरून दिसणार नाही.

गंगापूर रोडचा वाचक
मी कोठे राहतो यावरून मला काय दिसते हे ठरवू नका, ही विनंती. माझे वडील कारखान्यात तीन पाळ्यांत काम करत होते. राहिला प्रश्न रडण्याचा. 'द परस्यूट ऑफ हॅपीनेस'मधले बाप आणि मुलगा हे पडद्याबाहेरही बाप आणि मुलगाच आहेत. विल स्मिथ आणि त्याचा मुलगा जेडन. ज्या खऱ्या माणसाची ती कथा आहे, त्याचा मुलगा त्या काळात जेमतेम चालू-बोलू लागलेला होता. चित्रपटाने त्याला पाच वर्षांचा केला, कारण पाच वर्षांचे मूल गोड प्रश्न विचारू शकते. आपले अश्रू कोणत्या योजनेने काढले गेले, एवढेच मला दाखवायचे आहे.

पंचवटीकर
स्वतःच्या मुलाला पडद्यावर उभे करणे ही अश्रू काढण्याची योजना असेल, तर तिचा पहिला दोष आपल्याच नाशिक जिल्ह्याकडे येतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास याच्या भूमिकेत आपला मुलगा भालचंद्र यालाच घेतले होते. आणि ती कथा तरी कसली आहे? आख्यानात स्मशानाचा राखणदार झालेला हरिश्चंद्र पोटच्या मुलाच्या प्रेतासाठीही कर मागतो. भारतात तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट बाप आणि मुलाचा आहे, ही गोष्ट येथे कोणीच कशी काढली नाही?

त्याच चित्रीकरणातील एक हकीकत फाळक्यांविषयी लिहिताना सांगितली जाते. खेळताना भालचंद्र दगडावर पडला, त्याच्या डोक्याला मार लागला आणि तो बेशुद्ध झाला. काम पुढे ढकलावे असे बरोबरच्यांना वाटत होते. पुढचा प्रसंग मृत रोहिदासाचा होता. फाळक्यांनी ते चित्रीकरण पूर्ण केले. हरिश्चंद्र कोणाला म्हणावे, हे मला ती हकीकत वाचल्यावर कळले.

शिक्षिका, इंदिरानगर
ही हकीकत आपण अभिमानाने सांगता, याचा मला धक्का बसला. बेशुद्ध मुलाचे चित्रीकरण करणाऱ्या बापाला आज आपण काय म्हटले असते? माझ्या वर्गातील एखाद्या मुलाच्या बाबतीत असे घडले, तर मी त्या वडिलांना बोलावून घेईन. एखादा चित्रपट पहिला ठरला म्हणून त्याच्यासाठी मुलाची जखम लहान होत नाही.

पंचवटीकर
बाई, शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या शाळेच्या नियमावलीत बसवू नका. त्या माणसाची दृष्टी जायची वेळ आली होती, विम्याची पॉलिसी गहाण पडली होती, सोने-नाणे संपले होते. एक दिवस वाया घालवणे म्हणजे काय, याचा विचार करा. असल्या निवाड्यांनीच आपण आपल्या माणसांची किंमत घालवतो. बाहेरच्या माणसाने असे काही केले असते, तर आपणच त्याला कलेची निष्ठा म्हटले असते!

शिक्षिका, इंदिरानगर
आपण आवाज चढवलात म्हणून माझा मुद्दा खाली येत नाही. उलट सोन्या-नाण्याचा उल्लेख आपणच केलात हे बरे झाले. ते सोने कोणाचे होते? सरस्वतीबाई फाळक्यांचे. त्यांनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्मला भोके पाडण्याचे आणि ती धुण्याचे कामही केले. मग या बाप-मुलाच्या कथेत त्या कोठे आहेत?

आता मूळ लेखाकडे येते. रोमच्या त्या चित्रपटात सायकल मुळात गहाण पडलेली असते, आणि ती सोडवण्यासाठी बायको पलंगावरच्या चादरी काढून गहाण ठेवायला देते. त्या चादरींवर सायकल येते आणि सायकलीवर नोकरी मिळते. पुढे ती बाई चित्रपटातून जवळजवळ दिसेनाशी होते. इतक्या बारकाईने लिहिणाऱ्या लेखकांनी त्या चादरींचा उल्लेखही केला नाही. पहिल्या क्रमांकाच्या चित्रपटात तर आई नवऱ्याला आणि मुलाला सोडून जाते, म्हणजे बापाच्या थोरवीला वाट मोकळी होते. आईला घराबाहेर काढल्याशिवाय बाप मोठा करता येत नाही का?

गंगापूर रोडचा वाचक
चादरींचा मुद्दा माझ्याकडून सुटला, हे मान्य करतो. तो प्रसंग मला चांगला आठवतो, कारण गहाणखान्यातला नोकर ते गाठोडे घेऊन उंच फळ्यांवर चढत जातो आणि तिथे तशाच गाठोड्यांचे डोंगर रचलेले दिसतात. तरीही मला तो बायकोचा प्रसंग न वाटता गरिबीचा वाटत आला, यात दोष माझ्या नजरेचा असू शकेल. मात्र आईबद्दल आपली भाषा कधीच मुकी नव्हती. 'श्यामची आई'ला १९५४ साली पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक मिळाले. श्यामच्या वडिलांसाठी कोण रडले?

शिक्षिका, इंदिरानगर
आईसाठी रडणे आणि आईला पाहणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बापाच्या बाबतीत हाच भेद आपण स्वतः केला आहे. तो आईलाही लागू करा, एवढेच माझे म्हणणे आहे.

सिडको
मी सहसा लिहीत नाही. मूळ यादीखालच्या वाक्यामुळे लिहितो आहे. माझे वडील दारू पिऊन मारत असत. मला आणि माझ्या धाकट्या भावाला. त्यांच्या अंत्यविधीला मला रडू आले नाही आणि आजही येत नाही. त्या वाक्याप्रमाणे मी नापास आहे.

२०१० चा 'उडान' मी एकट्याने पाहिला. त्यात जमशेदपूरचा तो बाप मुलाला रोज पहाटे धावायला लावतो आणि स्वतःला 'सर' म्हणवून घेतो. शेवटी मुलगा घर सोडतो आणि जाताना सावत्र धाकट्या भावाला बरोबर नेतो. तिथे मी रडलो, ते बापासाठी नव्हते. माझ्या भावाला मी बरोबर नेले नव्हते. बाप-मुलाच्या चित्रपटांत याला जागा आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

निफाडचा बागायतदार
सिडकोच्या भाऊ, ते वाक्य मी मागे घेतो. मी फक्त माझ्या वडिलांना समोर ठेवून लिहिले होते. यादीही बदलतो, 'उडान' तिच्यात घालतो. गंगापूर रोडच्या काकांसाठी मात्र हे मागे घेणे नाही, हे स्पष्ट करतो.

ओझरचा निवृत्त कामगार
सगळे मुलाच्या बाजूने लिहीत आहेत. मी बाप आहे, माझे वय एकाहत्तर आहे आणि माझा मुलगा परदेशात असतो. आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रजांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले, त्यानंतर मी ते अनेकदा पाहिले आणि २०१६ सालचा चित्रपटही पाहिला. सभागृहात रडणारे बहुतेक लोक आपापल्या घरच्या म्हाताऱ्याला विसरून रंगमंचावरच्या म्हाताऱ्यासाठी रडत होते, असे मला प्रत्येक वेळी वाटत आले. बाप रस्त्यावर आला की सगळ्यांना कळवळा येतो. तो घरात बसून पेपर वाचत असतो तेव्हा त्याच्याशी काय बोलावे, हे कोणताही चित्रपट शिकवत नाही.

फाळक्यांविषयी माझे मत असे की, त्या मुलाला पुढे काय वाटत राहिले, हे कळल्याशिवाय त्या प्रसंगाचा निवाडा दोघांनीही करू नये.

पंचवटीकर
काकांचे म्हणणे मान्य. बाईंना एवढेच सांगतो की, सरस्वतीबाईंचे नाव हरिश्चंद्राच्या आधी घ्यायला माझी हरकत नाही. हकीकत सांगताना माझा सूर अभिमानाचा झाला होता, तो तसा व्हायला नको होता. फाळक्यांविषयीचा अभिमान मात्र कायम आहे आणि तो कोणाच्या सांगण्यावरून कमी होणार नाही.

गंगापूर रोडचा वाचक
निफाडकर, एक प्रश्न विचारतो आणि तो टोचण्यासाठी नाही. त्या रात्री साडेअकराला फोन लागल्यावर आपण वडिलांशी काय बोललात?

निफाडचा बागायतदार
हा प्रश्न येणार हे मला माहीत होते. खरे सांगायचे तर काहीही बोललो नाही. त्यांनी विचारले, इतक्या रात्री काय झाले. मी म्हणालो, ढग आले आहेत, डाऊनीची, म्हणजे द्राक्षांवरच्या बुरशीची, फवारणी सकाळी घ्यावी का. ते म्हणाले, पानांवरचे दव उतरू दे आणि मग घे. एवढेच बोलणे झाले. सकाळी ते स्वतः बागेत आले.

आता विचारलेच आहे म्हणून पुढचे सांगतो. मी बारा वर्षांचा असताना एका व्यापाऱ्याने आमच्या सबंध हंगामाच्या मालाचे पैसे बुडवले. धनादेश वटला नाही. वडील मला मोटरसायकलवर मागे बसवून त्याच्या घरी गेले होते. दारात उभे राहून त्यांनी हात जोडले, मग टोपी काढून हातात घेतली. आतून कोणी बाहेर आले नाही. मी गेटजवळ उभा होतो आणि रस्त्यावरची एक बैलगाडी पाहत असल्याचे दाखवत होतो. परत येताना पिंपळगावला त्यांनी मला उसाचा रस पाजला, स्वतः घेतला नाही. मी पाहिले, हे मी त्यांना आजवर सांगितलेले नाही. त्यांना ठाऊक आहे की नाही, हे मला ठाऊक नाही.

यावरून आपण म्हणाल की आपलाच मुद्दा सिद्ध झाला आणि माझी खरी गोष्ट सायकलच्या चित्रपटातली आहे. असेलही. पण सायकलचा चित्रपट पाहताना मला हेच आठवले होते आणि म्हणूनच तो संपल्यावर मी फोन उचलू शकलो नाही. फोन त्या दुसऱ्या चित्रपटाने करवला, ज्यात मुलगा झोपलेला असतो. त्याला पहिल्या क्रमांकावरून मी हलवणार नाही.