बॉनेटखालचे इंजिन घरी स्वच्छ करताना पाणी वापरावे का?

कर्वेनगरवासी
नमस्कार. माझी पेट्रोलवर चालणारी जुनी हॅचबॅक सोसायटीत गुलमोहराखाली उभी असते आणि पावसाळाभर तिचे बॉनेट फारसे उघडले गेले नाही. वायपरचे पाणी भरण्यासाठी ते परवा उघडले, तेव्हा पुढच्या काचेखालच्या जाळीत गुलमोहराची बारीक पाने कुजून साचलेली दिसली, इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या कडेने तेलकट धूळ चिकटलेली होती आणि बॅटरीशेजारी उंदराच्या लेंड्याही होत्या. दसऱ्याला गाडीची पूजा करण्यापूर्वी हे सारे स्वतःच साफ करावे, असे मनात आहे. वॉशिंग सेंटरवर थेट जोराचा फवारा मारतात, ते मला पटत नाही. घरी नळाला पाइप लावून हलक्या धारेने धुतले तर चालेल का? बॅटरी सोडवावी लागेल का?

धायरीकर
तुम्ही वर्णन केलेल्या घाणीपैकी बहुतेक घाण पाण्याविना निघते, म्हणून पाइप सध्या बाजूला ठेवा. सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण गार झाल्यावर काम सुरू करा. तापलेल्या एक्झॉस्टवर गार पाणी पडले तर धातूला तडा जाऊ शकतो, हात भाजण्याची भीती असते ती वेगळीच. शिवाय काही गाड्यांत किल्ली काढल्यानंतरही रेडिएटरचा पंखा आपोआप फिरू लागतो.

बॅटरी जागेवरून काढण्याची गरज नाही. तिचे निगेटिव्ह टर्मिनल तेवढे सोडवा. दोन्ही टर्मिनल सोडवायची असतील, तर निगेटिव्ह आधी सोडवावे आणि जोडताना शेवटी जोडावे. गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. त्यामुळे निगेटिव्ह जागेवर असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला, तर तिथल्या तिथे शॉर्ट सर्किट होऊन ठिणग्या उडतात. टर्मिनल सोडवल्यावर घड्याळाची वेळ आणि रेडिओची स्टेशने पुसली जाऊ शकतात, काही म्युझिक सिस्टिम कोडही मागतात, तेव्हा गाडीसोबत मिळालेले पुस्तक आधी पाहून घ्यावे.

पाने मात्र हातानेच काढा. त्या जाळीखाली पाणी वाहून जाण्याची भोके असतात आणि नेमकी तीच कुजलेल्या पानांनी बुजतात. मग पावसाचे पाणी तिथे तुंबते आणि पुढे केबिनमध्ये झिरपते. माझ्या मते तुमच्या गाडीत सर्वांत तातडीचे काम हेच आहे. त्यानंतर कोरडी धूळ रंगाच्या मऊ ब्रशने सैल करून ब्लोअरने उडवावी.

सहकारनगर
वरील सल्ला योग्य आहे, परंतु क्रमात एक महत्त्वाचा बदल करावा, अशी कळकळीची विनंती आहे. लेंड्या असलेल्या जागी आधी ब्लोअर मुळीच चालवू नका आणि कोरडा ब्रशही फिरवू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात आणि ते कातडीवरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरू शकतात; वाळलेली घाण धुळीबरोबर श्वासात जाणेही बरे नव्हे. रबरी हातमोजे आणि मास्क घाला, लेंड्यांवर जंतुनाशक मिसळलेले पाणी हलकेच शिंपडून काही मिनिटे थांबा आणि मग कागदाने टिपून तो कागद पिशवीत बांधून टाका. ब्लीचिंगचे पाणी येथे वापरू नये, कारण ॲल्युमिनियमचे भाग त्याने खराब होतात. हे उरकल्यावर प्रत्येक वायर टॉर्चच्या उजेडात तपासा. कुरतडलेली वायर आढळली, तर बॅटरी जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. उघडी पडलेली तार बॉडीला टेकली, तर आग लागू शकते.

कर्वेनगरवासी
दोघांचेही मनापासून आभार. लेंड्यांचा धोका माझ्या ध्यानातच आला नव्हता. तेलकट थराचे काय करावे? ओळखीचे एक गृहस्थ रॉकेलने किंवा डिझेलने पुसायला सांगतात.

बिबवेवाडी गॅरेजवाले
रॉकेल, डिझेल, पेट्रोल यांपैकी काहीही वापरू नका. ही ज्वलनशील द्रव्ये फटीत साचून राहतात, इंजिन तापल्यावर त्यांची वाफ होते, आणि रबरी होज व बेल्टही त्यांनी फुगतात किंवा नरम पडतात. पाण्यात विरघळणारे डीग्रीजर (तेलकट थर काढणारे द्रावण) आणावे, ते गाडीवर न फवारता कापडावर घ्यावे आणि थोडी थोडी जागा पुसत जावी. कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश पुरेसा आहे. डीग्रीजर वाळू न देता लगेच ओलसर, घट्ट पिळलेल्या कापडाने दोनदा पुसून घ्या.

पाणी वापरायचेच असेल, तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र), फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक), इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला वीज पुरवणारा भाग) आणि एअर फिल्टरचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी घट्ट झाका आणि हातपंपाच्या बाटलीने फक्त बारीक तुषार सोडा. स्पार्क प्लगच्या खोलगट जागेत पाणी साचले की इंजिन मिसिंग करू लागते, म्हणजे अडखळत चालते, आणि मग ग्राहक गाडी टो करून आमच्याकडे आणतात. तुमच्या गाडीला मात्र मी पाण्याची शिफारस करणार नाही. सोसायटीच्या आवारात धुतलेले तेलकट पाणी पावसाळी गटारातून थेट ओढ्यात आणि तेथून मुठा नदीत जाते, हेही कारण मला तितकेच मोठे वाटते.

पुसून झाल्यावर बॉनेट उघडे ठेवून सारे पूर्ण वाळू द्या. आत कापड किंवा पिशवी राहिली नाही ना, ते पाहा. मगच निगेटिव्ह जोडून इंजिन दहा मिनिटे जागेवर चालू ठेवा. चमक आणणारा सिलिकॉनचा स्प्रे मारण्याचा मोह होतो, पण तो बेल्टवर उडाला तर बेल्ट घसरू लागतो.

आता मुख्य मुद्दा. झाकणाच्या कडेनेच तेलकट धूळ चिकटली आहे, त्याअर्थी त्याचा गॅस्केट (सांध्यातून तेल गळू नये म्हणून बसवलेली पट्टी) झिरपत असण्याची शक्यता आहे. साफ केल्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी तीच कड कोरड्या पांढऱ्या कागदाने पुसून पाहा. कागदाला ताजे तेल लागले, तर डिपस्टिकवर तेलाची पातळी तपासून गॅस्केट बदलून घ्या.