‘येशूच्या नावाने’ यातला ‘नावाने’ कोणता?

प्रश्न : मैत्रिणीचे वडील आजारी आहेत. त्यांच्या घरी प्रार्थनेला बसले होते. पाळकांनी शेवटी ‘हे येशूच्या नावाने मागतो, आमेन’ म्हटलं. ‘नावाने’ म्हटलं की मला ‘ज्योतिबाच्या नावानं चांगभलं’ आठवतं, नाहीतर ‘नावाने खडे फोडणं’. इथे कोणता अर्थ? हे नामस्मरण आहे का? कुणी ‘येशूच्या नावात’ही म्हणतात, ते बरोबर का?

उत्तर : ताई, मी लहानपणापासून हे शब्द रोज म्हणत आलोय, पण त्यांचा अर्थ मला कळला तो किराणा दुकानात. आजी पैसे न देता पाठवायची : ‘माझं नाव सांग, एक किलो साखर आण.’ दुकानदार मला ओळखत नव्हता. तो आजीला ओळखायचा, वहीत तिच्या नावावर लिहायचा आणि पुडा माझ्या हातात द्यायचा. एकदा मी साखरेबरोबर गोळ्याही घेतल्या, तिच्याच नावावर. घरी आल्यावर आजी म्हणाली, ‘गोळ्या मी सांगितल्या होत्या का?’

‘येशूच्या नावाने’ मागणं म्हणजे असं मागणं. मागणाऱ्याची स्वतःची पत नाही, पत येशूची. आणि ज्याचं नाव सांगायचं, त्याच्या मनात नसलेलं त्यावर खपवायचं नाही.

शास्त्रातही, म्हणजे बायबलमध्येही, हाच वापर आहे. ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकात (२५:९) दावीदाची माणसं नाबाल नावाच्या माणसाकडे जाऊन ‘दावीदाच्या नावाने’ बोलतात, म्हणजे त्याच्या वतीने. योहानाच्या शुभवर्तमानात (१६:२४) येशू शिष्यांना सांगतो की आतापर्यंत तुम्ही माझ्या नावाने काही मागितलं नाही, आता मागा. म्हणजे मागण्याचा हा हक्क त्यानेच दिलेला आहे.

नामस्मरणात नाव घेणं हीच साधना असते. इथे नाव घेऊन दुसऱ्याकडे, पित्याकडे, मागायचं असतं. मंत्र तर हा नव्हेच. प्रेषितांच्या कृत्यांत (१९ वा अध्याय) इफिस शहरात सात भाऊ भुतं काढायला येशूचं नाव वापरू पाहतात. भूत विचारतं : येशूला ओळखतो, पौलही (येशूचा प्रेषित) ठाऊक आहे, पण तुम्ही कोण? मग ते उघडेनागडे, जखमी होऊन घराबाहेर पळतात. नाव तेच होतं, पण ज्याचं नाव घेतलं त्याच्याशी त्यांचं नातंच नव्हतं.

आता ‘नावात’. शुभवर्तमानाच्या ग्रीक मुळात ‘एन तो ओनोमाती’ आहे. त्यातल्या ‘एन’चा अर्थ ‘मध्ये’ही होतो आणि ‘ने’ही. ‘नावात’ ही सप्तमी शब्दशः उतरवलेली आहे, कानाला परकी वाटते. ‘नावाने’ ही तृतीया मराठीत मुरलेली आहे. तिचा धोका एवढाच की ‘कुऱ्हाडीने तोडलं’ तसं नाव हत्यार वाटू लागतं. तरी मी ‘नावाने’च म्हणेन.

बाप्तिस्म्याच्या, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती दीक्षा देण्याच्या, आज्ञेत (मत्तय २८:१९) मात्र शब्द वेगळा आहे : ‘एइस तो ओनोमा’. जुन्या ग्रीक हिशेबाच्या कागदांत तो ‘अमक्याच्या खात्यात’ अशा अर्थाने येतो, आणि बरेच अभ्यासक तो अर्थ इथे जोडतात. मला तिथे आपलं ‘नावे’ आठवतं : ‘जमीन मुलाच्या नावे केली.’

आणखी एक : आम्ही वसईचे कॅथलिक. मिस्सेत, म्हणजे आमच्या चर्चमधल्या मुख्य उपासनेत, याजकाची (धर्मगुरूची) प्रार्थना बहुधा ‘आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे’ अशी संपते. लॅटिनमधल्या ‘पेर’चं हे ‘द्वारे’. ‘नावाने’ आम्ही क्रुसाची खूण करताना म्हणतो. आणि येशूने शिकवलेल्या ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ या प्रार्थनेच्या शेवटी यातलं काहीच नाही. तिथे नाव पहिल्याच ओळीत आहे, तेही पित्याचं.

प्रश्नकर्ती : मग ‘यांना बरं कर’ ही साखर की गोळ्या? ते मैत्रिणीला कसं कळावं?

उत्तर : तिने बिनधास्त मागावं. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही आपल्या मनातलं आधी मागितलं : हा प्याला, म्हणजे हे दुःख, माझ्यापासून दूर कर. त्यानंतर म्हणाला, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. माझ्या आईच्या खाटेशी बसून मी पहिलं वाक्य कितीतरी रात्री म्हटलं. दुसरं तोंडातून यायला फार दिवस लागले. पण ‘येशूच्या नावाने’ हे शब्द मी पहिल्या रात्रीपासून म्हणत होतो.