मदत हवी आहे: फशोदाला इजिप्तचाच झेंडा का?

मंडळी, आमच्या वाचनगटात आफ्रिकेच्या वाटणीवर बोलायचं आहे आणि सुदानातल्या नाईलकाठच्या फशोदा या ठाण्यापाशी गाडी अडली आहे. आगबोटीचे सुटे भाग जंगलातून वाहून आणत फ्रेंच कप्तान मार्शां जुलै १८९८ मध्ये तिथे पोचला. सप्टेंबरात सुदानातलंच ओमदुरमान जिंकून इंग्रज सेनापती किचनर तोफनौकांसह तिथे आला (हो, पुढे भारताचा सरसेनापती झालेला तोच). लंडन-पॅरिसात युद्धाची भाषा, आणि इथे हे दोघे मात्र सभ्यपणे बोलत बसले!

पण किचनरने तिथे इजिप्तचा झेंडा चढवला. १८८२ पासून इजिप्त इंग्रजांच्याच मुठीत, मग हा आडपडदा कशाला? खेदिवच्या (इजिप्तच्या शासकाच्या) नावाने सुदानवर हक्क सांगायला, की मार्शांची अब्रू राखायला? मला पहिलं जास्त पटतं, पण ठोस आधार हवा आहे.

शिवाय नोव्हेंबरात फ्रान्सने माघार घेतली ती ड्रायफस प्रकरणामुळे (ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरचा देशद्रोहाचा खोटा आरोप) देश दुभंगला म्हणून, की आरमार कमकुवत होतं म्हणून? तेव्हाचा फ्रेंच परराष्ट्रमंत्री देल्कासे याची पत्रं कुणी वाचली आहेत का? मराठीत काही असेल तर आधी तेच सुचवा, माझं फ्रेंच यथातथाच आहे.